काउंटर एकवरचा चौकोन

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

भांडार बंदचा वार, म्हणून कमिटीची मीटिंग. चेअरमन शामराव सव्वा तास बोलले. त्यातली कामाची गोष्ट एवढीच की बारकोड बदलणार आहे. आजवर पाकिटावर उभ्या रेघा असायच्या, आता काळ्या ठिपक्यांचा चौकोन येणार. पुढच्या वर्षाअखेरपर्यंत दुकानांच्या मशीनला रेघा आणि चौकोन दोन्ही वाचता यायला हवेत, असं म्हणे जगभर ठरलंय. लालबागच्या आमच्या श्रमिक ग्राहक भांडाराला कोणी विचारलं नाही. जगाची ती जुनी सवय आहे.

"रेघांमध्ये नुसता मालाचा नंबर असतो," शामराव म्हणाले. "चौकोनात नंबर, लॉट, एक्स्पायरीची तारीख, सगळं बसतं. मुदत संपलेला माल असेल तर मशीन बिलच करणार नाही."

मी विचारलं, "मग कॅशियरने काय करायचं?"

"हसून नमस्कार!" शामराव म्हणाले आणि स्वतःच हसले. कमिटीही हसली. कमिटीचं कामच ते.

भांडार निघालं संपाच्या दुसऱ्या वर्षी. बाबा साचेखात्यात, मागांवर होते; गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच. नववीतून शाळा सोडून मी इथे तांदळाच्या गोणी उचलायला लागलो. आज मी हेड कॅशियर, काउंटर नंबर एक. चारशे बारा वस्तूंचे तेरा आकडी नंबर मला तोंडपाठ आहेत. स्कॅनर रुसला की मी पाकिटाकडे न बघता नंबर दाबतो. हल्ली स्कॅनर फारच रुसतो; शेजारच्या, दुर्गाच्या काउंटरवर मात्र लाडात असतो.

ही डायरी मसाल्याच्या एजन्सीने फुकट दिलीय. फुकटची असल्यामुळे रेघा इतक्या फिकट छापल्यात की आहेत की नाहीत तेच कळत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मशीनच्या कंपनीकडून कालिंदी सामंत मॅडम आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, मला काका म्हणतात. मी अठ्ठावन्नचा. चालायचंच.

त्यांनी दोन तास सगळं तपासून निकाल दिला. आमचे स्कॅनर लाल उजेडाची रेघ मारतात, त्यांना चौकोन वाचता येणार नाही. नवे हवेत, जे पाकिटाचा चक्क फोटो काढतात. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा तेरा आकड्यांची आणि चौकोनातून येणार चाळीसेक अक्षरं. "तेरानंतरचं सगळं सांडून जाईल, काका. तारीख तिथेच असते," त्या म्हणाल्या.

मग त्यांना माझी परीक्षा घ्यायची हुक्की आली. हातात चहापावडरीचं पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "याच्यावरचा नंबर वाचा ना."

मी घडाघडा तेरा आकडे म्हणून दाखवले. मॅडमनी पाकीट माझ्या हातून परत घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, हा अर्धा किलोचा नंबर झाला. हे पाव किलोचं पाकीट आहे."

कंपनीने दोन्ही पाकिटं एकसारखी हिरवी करायची आणि दोष जयवंत घाडीचा. हातात वजनही लागू नये इतकी हवा भरतात हल्ली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना डाळीत खडा लागला. डाळ मी निवडली होती, त्यामुळे शांतीला बोलायला विषय मिळाला.

"अहो, एकदा डोळे दाखवून या म्हणते मी."

"खडा डाळीत आहे, डोळ्यात नाही," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द माझा राहिल्याचे प्रसंग थोडे आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुर्गाची लक्षणं मला ठीक दिसत नाहीत.

दुर्गा काउंटर दोनवर. वरळीच्या बीडीडी चाळीतली. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला पावतीचा रोल उलटा की सुलटा हे कळत नव्हतं; सगळं मी शिकवलं. आता बाई हुशार झाल्यात. उद्याच्या महाशिवरात्रीमुळे आज साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा यांची गर्दी. माझ्या रांगेत लहान मुलाच्या खाण्याचा डबा किंवा औषधी काढा घेतलेलं गिऱ्हाईक दिसलं की ही तिकडून हाक मारते, "ताई, इकडे या, इकडे पटकन होईल." पटकन! आणि मी बिल केलेलं पाकीट पिशवीत जाण्याआधी मधेच उचलते, उलटंसुलटं करून बघते आणि परत ठेवते. विचारलं तर म्हणते, "काही नाही काका, सवय."

अशी सवय कोणाला लागते ते मला कळतं. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. हेड कॅशियरच्या खुर्चीला चाकं आहेत, ती कुठेही सरकू शकते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काउंटर दोनवर नवा स्कॅनर बसला. उद्घाटनाला शामरावांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला आणि आमच्याच काउंटरवरचा पैसे भरायचा क्यूआर उचलून स्कॅनरसमोर धरला. मशीनने तीनदा टूं टूं केलं. "वाचतंय, वाचतंय!" शामराव आनंदाने ओरडले. मॅडमनी समजावलं की तोही चौकोनच, पण वेगळा. हा तर आपल्याच दुकानाला पैसे द्यायचा. शामराव म्हणाले, "म्हणजे सगळे चौकोन सारखे नसतात." बेचाळीस वर्षं युनियनमध्ये काढलेल्या माणसाला हे आज कळलं.

मग खरा घोळ. नव्या पाकिटांवर सध्या रेघाही आहेत आणि चौकोनही. मशीनने एकाच बिस्किटपुड्याच्या रेघा वाचल्या, मग चौकोन वाचला आणि दोन पुडे लावले. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "एकच घेतलाय हो." मी माझ्या काउंटरवरून मोठ्याने म्हणालो, "जुन्या मशीनला एकच दिसतो, इकडे या."

मॅडमनी संध्याकाळपर्यंत बसून ते दुरुस्त केलं. डोकं शांत आहे बाईंचं. मला राग येतो अशा माणसांचा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या मशीनने आज नऊ वस्तू अडवल्या. स्क्रीन लाल होते आणि "मुदत संपली" असं येतं. नऊच्या नऊ, मी लावलेल्या फळीवरच्या.

मी म्हणालो, "मशीनचं कॅलेंडर बघून घ्या. परदेशी असेल."

कालिंदी मॅडमनी एकेक पाकीट माझ्यासमोर धरलं. मी मान हलवली. तारखा छापतात त्या करड्यावर करड्या, मुंगीच्या पायाएवढ्या. मी म्हणालो, "ट्यूब बदला आधी इथली. अंधारात काय दिसणार?"

दुर्गा म्हणाली, "काका, ट्यूब परवाच बदलली."

तिसरी ट्यूब आहे ही. हल्ली ट्यूबमध्येही दम नाही.

शामराव म्हणाले, पाडव्यापासून दोन्ही काउंटर नवे. मी म्हणालो, तोवर एक नंबरला हात लावायचा नाही. अर्धं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते माझं तोंड बघून, मशीनचं बघून नाही. शामराव दुर्गाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे जयवंता. पाडव्यापर्यंत." जिंकलो.

७ मार्च, शनिवार

घासुली नाचणी सत्वाची चाळीस पाकिटं आली. आमच्याकडे बाळांसाठी तेच खपतं. यावेळी पाकिटावर चौकोन आहे. दुर्गा दर पाकिटाला मेंबरचा फोन नंबरही टाकते, मॅडमनी तसं शिकवलंय. मी टाकत नाही. मेंबर मला ओळखतो, मी मेंबरला ओळखतो. फोन नंबर अनोळखी माणसाला विचारतात.

११ मार्च, बुधवार

सकाळी दहाला डिस्ट्रिब्युटरचा फोन. घासुलीचा लॉट ८५०८ परत मागवलाय. कारखान्यात चाळणीची जाळी तुटली आणि तारेचे तुकडे पिठात गेले. विकू नका, विकलेलं परत आणा.

शामरावांचा चेहरा उतरला. बाळांचं खाणं.

दुर्गाने तो लॉट मशीनमध्ये टाकला आणि मिनिटात सांगितलं की काउंटर दोनवरून अकरा गेली, ही अकरा नावं, हे फोन. फळीवर बावीस. राहिली सात. ती माझ्या काउंटरवरून गेली होती आणि माझं मशीन म्हणत होतं, "नाचणी सत्व, नग सात." कोणाला, कुठला लॉट, काही नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सातही नावं एका दमात सांगितली. कोणी कुठल्या दिवशी घेतलं, बरोबर आणखी काय होतं तेही. वरळी बीडीडीतल्या तिघी, चिंचपोकळी स्टेशनजवळच्या वर्कशॉपवाल्या धर्माची सून, बाजूच्या चाळीतल्या दोघी आणि गुणवंतीताईंची लेक तुळसा. शामराव म्हणाले, "हे मशीनला जमलं नसतं." लिहून ठेवतो.

दुर्गा बीडीडीला गेली, मी बाकीची चार घरं घेतली. पहिल्या तिघींनी पाकीट दाराशीच आणून दिलं. चौथं घर तुळसाचं, आमच्या मागच्याच चाळीत. तुळसा कामावर होती, तिचं दहा महिन्यांचं बाळ आजीजवळ. आजी म्हणजे गुणवंती वैती, लालबागच्या बाजारात मासे विकतात. मला तीस वर्षं ओळखतात.

"काय रं जयवंता, आज घरपोच?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट आणलं. चौथा हिस्सा संपला होता. मी ते गॅलरीत उजेडाला धरलं आणि वाचलं. तीन, पाच, शून्य, तीन. म्हटलं, "सुटलात. हा वेगळा लॉट आहे. बिनधास्त द्या."

त्या म्हणाल्या, "नक्की ना?"

"मी वाचलंय ना."

परत येऊन दुर्गाला सांगितलं, तीन सापडली, चौथं निर्धोक. तिने विचारलं, "त्यावर काय नंबर होता?"

"तीन पाच शून्य तीन."

तिने मशीनमधल्या नोंदी पुन्हा चाळल्या. मग म्हणाली, "काका, त्या नंबरचा लॉट आपल्याकडे कधी आलाच नाही."

"आला असेल. तुझ्या मशीनला माहीत नसेल."

तिने पर्स उचलली आणि चहा तसाच टाकून गेली. अर्ध्या तासाने आली, म्हणाली तुळसाची खोली बंद आहे. बाजारातही गुणवंतीताई नव्हत्या. तुळसाचा फोन कोणाकडे आहे का, असं सगळ्यांना विचारत राहिली. इतकं नाटक कशाला? माझ्यावर विश्वास नाही, एवढंच दाखवायचं असेल तर तसं सरळ सांगावं.

१२ मार्च, गुरुवार

अकराची वेळ, दोन्ही रांगा भरलेल्या. गुणवंतीताई आल्या त्या रांग मोडून सरळ माझ्यासमोर. मूठ काउंटरवर ठेवली, उघडली आणि हात काढून घेतला.

"हे काय हाय?"

मी म्हणालो, "काय?"

"हे. समोर ठेवलंय. उचल."

मी बघितलं. काउंटरचा पत्रा. त्यावर हात फिरवला. पेनाचं टोपण हाताला लागलं, ते उचलून दाखवलं. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी पुन्हा हात फिरवला. इकडून तिकडे. फ्रीजची घुरघुर ऐकू येत होती.

गुणवंतीताईंचा आवाज एकदम खाली आला. "अरं जयवंता, तुला दिसत नाय?"

"पत्रा चकाकतो," मी म्हणालो.

दुर्गा तिच्या काउंटरवरून उठून आली. माझ्या बोटांपासून दोन इंचांवरून तिने नखाने काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तेव्हा टोचलं. तार होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

"काल तू गेलास नि पोराला, पाकिटाला घेऊन मी कोळीवाड्यात माझ्या घरी गेले. सांजच्याला भरवलं, तुझ्या शब्दावर," गुणवंतीताई म्हणाल्या. "आज सकाळी पुन्हा कालवत व्हते. चमचा नाय घेतला, हातानं कालवलं, म्हणून बोटाला लागली. चाळीस वर्सं काटे काढतेय मी. तुळसानं चमच्यानं भरवलं असतं तर? कालच्या वाटीत काय व्हतं, मला म्हाईत नाय. तू सांग. तू वाचून सांगितलंस ना, बिनधास्त दे म्हणून?"

८५०८. दोन्ही आठ मी तीन वाचले होते.

बाळाला तुळसा एक्स-रेला घेऊन गेलीय. शामराव त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात. दुर्गाने काउंटर एकवर "बंद" ची पाटी लावली. मी आत गोणींवर बसून हे लिहितोय. चार वाजले. अजून काही कळलेलं नाही.

सहा वाजता शामरावांचा फोन. एक्स-रे साफ. बाळ हसतंय म्हणाले. दुसऱ्या कशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. शामराव!

१३ मार्च, शुक्रवार

दुर्गाला गाठलं. म्हटलं, "किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

"आठ महिने."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, काका. तीनदा. दर वेळी तुम्ही म्हणालात ट्यूब बदल. मी तीन ट्यूब बदलल्या."

मी खुर्चीचा विषय काढला. खुर्ची हवी होती ना, घे आता. त्यावर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तसं असावं, मी काय सांगणार. "शामरावांनी दिवाळीतच विचारलं होतं मला. म्हणाले जयवंताला आत बसवू, तू हो हेड. मी नको म्हटलं. म्हटलं काका आहेत तोवर मी बघते त्यांच्या मालाच्या तारखा. मला वाटलं जमेल." मग हसू थांबलं. "नाही जमलं. मी चूकच केली. मी ओरडून सांगायला हवं होतं सगळ्यांसमोर."

म्हणजे लहान मुलांचे डबे ती आपल्या रांगेत यासाठी ओढत होती. आणि मी तिला महिनाभर या डायरीत धोपटतोय. शामरावांना माहीत. कालिंदी मॅडमना त्या चहापावडरीच्या दिवशीच कळलं असणार. सगळ्यांनी मिळून माझी लाज झाकली आणि त्या झाकणाखाली एक बाळ सापडलं होतं. त्यांचा राग करायला मला तोंड नाही. तरी थोडा केला.

१७ मार्च, मंगळवार

शांतीने डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नंबर लावायला लागलाच नाही. केसपेपर गणपतीतच काढून ठेवला होता बाईने, माझ्या नावाचा. डॉक्टरीणबाई तरुण.

"काका, किती दिवस दिसत नाहीये?"

"दिसतं मला."

"समोरच्या तक्त्यावरचं पहिलं अक्षर वाचा."

"तक्ता कुठे आहे?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलाय म्हणाल्या, आंब्यासारखं कौतुकाने. ऑपरेशन दोन एप्रिलला, आधी उजव्याचं. बाहेर आल्यावर शांती म्हणाली, "गेली दोन वर्षं मी वाढलेलं काय आहे ते तुम्ही वासावरून ओळखताय. मला काय कळत नाही?" मी म्हणालो, "मग सांगायचं." ती म्हणाली, "खडा डाळीत आहे म्हणालात ना." तिनेही ते लिहून ठेवलं असावं कुठेतरी.

आज पहिल्यांदा भीती वाटली. डोळ्यांची नाही. गेल्या आठ महिन्यांत माझ्या हातून आणखी काय काय कोणाच्या घरी गेलं असेल, त्याची. ते कुठल्याच मशीनमध्ये नोंदलेलं नाही. रात्री अंथरुणावर एकेक चेहरा आठवत बसतो.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

काउंटर एकवर नवा स्कॅनर बसला. शामरावांनी नारळ फोडला, भाषण केलं. संपापासून सुरुवात करून चौकोनापर्यंत यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. मधेच म्हणाले, "या भांडाराने गिरणगावाला कधी खराब दाणा विकला नाही." मग माझ्याकडे बघून अडखळले. मी उठलो आणि म्हणालो, "विकला. मी विकला. लिहून घ्या मिनिट्समध्ये." कोणी टाळी वाजवली नाही, ते बरं झालं.

खुर्चीवर दुर्गा बसली. श्रीखंडाचा पहिला डबा धरला. टूं. हिरवं. मी हसून नमस्कार केला. शामरावांचा विनोद शेवटी माझ्याच अंगावर आला.

कालिंदी मॅडमना विचारलं, "हे मशीन वीस फेब्रुवारीलाच माझ्याकडे बसवलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही बसवू दिलं नाहीत, काका."

डोकं फारच शांत आहे बाईंचं.

६ एप्रिल, सोमवार

उजवा डोळा झाला. लिहायला मनाई आहे, म्हणून थोडंच. पट्टी काढल्यावर पहिली दिसली ती शांती. केस पांढरे झालेत तिचे. मी म्हणालो, "हे कधी?" ती म्हणाली, "तुमच्या नकळत." भिंतीला दोन ठिकाणी ओल आलीय. पंखा काळा आहे. दिसायला लागणं हा काही निव्वळ आनंदाचा प्रकार नाही.

१८ एप्रिल, शनिवार

काळा चष्मा लावून बाजारात गेलो. गुणवंतीताई पाटावर बसून सुरमई कापत होत्या. वर बघितलं नाही. दोन गिऱ्हाइकं झाली, तिसरं झालं. मी उभा.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"माग."

"चुकलो. दिसत नव्हतं आणि कबूल करवत नव्हतं. बाळाच्या जिवावर आलं असतं."

सुरी थांबली. त्यांनी एक बांगडा उचलून माझ्यासमोर धरला. "ह्याचा डोळा बघ. कसा हाय?"

चष्मा काढून बघितला. "काचेसारखा."

"गिऱ्हाईक ह्यो बघून घेतं. डोळा गढूळ झाला की तो मासा मी विकत नाय, फेकते. तुझे डोळे गढूळ दिसत व्हते मला त्या दिवशी, गॅलरीत. दिसत व्हते रं. तरी तू वाचलंस म्हणालास आणि मी ऐकलं, कारण जयवंत बोलतोय. त्याचा राग येतो मला. तुझा कमी, माझा जास्त."

मी म्हणालो, "तुमची काय चूक?"

"पोर माझं हाय ना." त्या पुन्हा कापायला लागल्या. "जा आता. उन्हात उभा राहू नको डोळा उघडून."

माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चार बांगडे कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले, ते बहुतेक न विचारल्याबद्दल.

२७ एप्रिल, सोमवार

कमिटीने विचारलं, परत येणार का. मी म्हणालो, येतो, पण काउंटर दोनवर, दुर्गाच्या हाताखाली. शामरावांनी ठराव लिहून घेतला. दुर्गा म्हणाली, "काका, हाताखाली वगैरे काय." मी म्हणालो, "फोन नंबर कसा टाकायचा ते शिकवशील ना? मला पाठ करायची सवय आहे, विचारायची नाही." तिने कागदावर मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या. वाचता आल्या. अक्षर मात्र भयंकर आहे मुलीचं. हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

९ मे, शनिवार

वाचायचा चष्मा मिळाला. आज कामावर पहिला दिवस.

सकाळभर पाकिटं दाखवली. टूं, हिरवं. टूं, हिरवं. माणसाच्या हाती काही ठेवलेलं नाही या कामात, वांग्यालाही जमेल. दोन मेंबरांना फोन नंबर विचारला, दोघांनी वर बघितलं, जयवंतच आहे ना म्हणून.

बाराच्या सुमारास रांग दारापर्यंत गेली. सुट्टीचे दिवस, कोकणात जाणाऱ्यांची खरेदी. मी पुढचं पाकीट उचललं आणि स्कॅनरसमोर धरलं. नाचणी सत्व, नवा लॉट. टूं. हिरवं. पिशवीत टाकायला हात पुढे केला तर पिशवी मागे सरकली.

गुणवंतीताई होत्या. कडेवर बाळ. सावळं, गुटगुटीत, एक दात वर आणि दोन खाली. त्या आठ महिन्यांत कितीदा माझ्यासमोरून गेलं असेल; आज पहिल्यांदा बघितलं.

"हिरवं झालंय ताई," मी म्हणालो. "मशीनने तारीख बघितली."

"मशीननं बघितली असंल. तू वाच."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, चला ना, रांग केवढी आहे." गुणवंतीताईंनी मागे वळून एकदाच बघितलं. म्हणणाऱ्याने आपली पिशवी खाली ठेवली. काउंटर एकवर दुर्गाचं मशीनही थांबलं.

मी चष्मा नीट केला. पाकीट उलटं केलं. करड्यावर करडं, मुंगीच्या पायाएवढं. लॉट नंबर वाचला, एकेक आकडा. उत्पादनाची तारीख वाचली. मुदतीची तारीख वाचली.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."

पुन्हा वाचलं, पहिल्या आकड्यापासून. त्यांनी बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं.